डाव्या चाकाची शंका

“आज नको. डाव्या चाकाची शंका येतेय,” श्यामकांत ट्रेलरच्या आडून म्हणाले, आणि त्यांच्या बायकोने, माईंनी, हातातली चटणीची बरणी मोटारीच्या बॉनेटवर आपटली.

शंका घेणं ही श्यामकांतांची नोकरीच होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये त्यांनी जन्म काढला. चालत्या यंत्राला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आतलं बेअरिंग अजून किती तग धरेल ते सांगायचं, अशी त्यांची ख्याती. दसऱ्याला मशीनच्या आधी साहेबांच्या कानाला कुंकू लावा, असं कामगार म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने मोटारीमागे जोडायचं चाकांवरचं घर घेतलं. आत दोन पलंग, शेगडी आणि एवढीशी मोरी. माईंना त्यात बसून नागावला जायचं होतं. समुद्रासमोर दार उघडावं आणि हातात आयता चहा यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण ते घर खरवईतल्या सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलं असेल तर शपथ! शेजाऱ्यांचा दोन-तीनदा निरोप देऊन झाला होता. एकदा तर नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. लिंबं तिथेच वाळली. आता कोणी “कधी निघताय?” असं विचारत नसे, नुसतं बघून हसत. माईंना ते जास्त लागे.

सगळ्या गोंधळाचं मूळ हे, की चाकातलं बेअरिंग सीलबंद होतं. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये स्पेअर पार्टचं दुकान असलेल्या चंदरने ते बसवतानाच बजावलं होतं, “काका साईं, हा सीलबंद माल आहे. खोलायचा नाय, ग्रीस भरायचा नाय. चाक उचलून फिरवा, हलवून बघा. आवाज आला तर पूरा बदली. बाकी भूल जाओ.”

मेंटेनन्सच्या माणसाला भूल जाओ म्हणणं म्हणजे सासूला स्वयंपाकघरात लक्ष घालू नका म्हणण्यासारखं. श्यामकांतांनी थोडे दिवस कळ काढली. मग एका दुपारी माईंचा डोळा लागलेला बघून त्यांनी सीलची कड उचकटली आणि आत बोटाने ग्रीस कोंबलं. सील वाकलं ते पुन्हा बसलंच नाही. चंदरने कपाळाला हात लावत नवं बेअरिंग बसवलं. त्या नव्याचीही श्यामकांतांना शंका आली. ते बदललं, तर त्याच्यानंतरच्याची आली.

“साईं, ट्रेलर मलाच द्या,” शेवटी चंदर म्हणाला. “विठ्ठलवाडी डेपोजवळ पावभाजी लावतो. हलायचंच नाय, तर बेअरिंगचं टेन्शन कशाला?”

श्यामकांत त्याच्यावर उखडले होते. माईंना मात्र ते पटलं होतं. कालच त्यांनी सांगून टाकलं होतं, “उद्या निघालो नाही, तर मी स्वतः चंदरला फोन करणार. येऊन घेऊन जा म्हणणार.” आणि माई बोलल्या की करत.

त्या तणतणत वर गेल्या. पण फोनच्या आधी त्यांनी चहा टाकला, कारण रागावल्या तरी नवऱ्याचा चहा चुकवायची त्यांना सवय नव्हती. कप घेऊन खाली आल्या तेव्हा श्यामकांत पाटावर बसले होते. जॅक लावून डावं चाक उचललेलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकामागच्या लोखंडाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. माईंची चाहूल लागताच ते पुटपुटले, “ऐक. बारीक घरघर आहे. पण आहे.”

माईंनी चाकाकडे बघितलं. चाक थांबलं होतं. नुसतं थांबलं नव्हतं, तर टायरवर एक माशी निवांत बसून पाय पुसत होती.

माईंना आधी हसू फुटलं. मग ते विरलं. टीव्हीचा वाढत गेलेला आवाज, दाराची न ऐकलेली बेल, दोनदा मारलेल्या हाका, हे सगळं त्यांनी आजवर ‘नवरा ऐकत नाही’ याच खात्यात जमा केलं होतं. ती तक्रार तर घरोघरी असते. तेवढ्यासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. माईंनी हातातला कप बॉनेटवर ठेवला.

“अहो, चाक थांबलंय,” त्या जरा मोठ्याने म्हणाल्या.

श्यामकांतांनी डोळे उघडले. माशी बघितली. स्क्रूड्रायव्हर कानावरून खाली घेतला.

“रात्री पण असते ती घरघर,” मग ते म्हणाले. “पंखा बंद केला तरी असते.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? कानच गेला तर माझ्याकडे राहिलं काय गं?”

“मी राहिलेय की. सरका.” माई गुडघे धरत पाटावर टेकल्या आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यांनी कानाला लावली. “फिरवा चाक.”

श्यामकांतांनी फिरवलं. “काय येतंय?”

“पंख्यासारखं.”

“कुठल्या पंख्यासारखं? हॉलमधल्या की बेडरूममधल्या?”

हॉलमधला पंखा दिवाळीपासून खडखडत होता. “बेडरूममधल्या,” माई म्हणाल्या.

“मध्येच अडखळतं? भातात खडा लागल्यासारखं?”

“नाही.”

“नीट ऐक.”

“ऐकतेय. लग्न झाल्यापासून तेच करतेय.”

श्यामकांतांनी चाक वर-खाली धरून हलवलं. जराही डुगडुगलं नाही. मग त्यांनी जॅक उतरवला.

ट्रेलर फाटकातून बाहेर पडला तेव्हा गॅलऱ्यांत चार माणसं होती, पण कोणी हात केला नाही. गाडी वळवून लावताहेत, असंच सगळ्यांना वाटलं.

कर्जतच्या रस्त्याला थोडं पुढे गेल्यावर श्यामकांतांनी गाडी थांबवली आणि बेअरिंग तापलंय का ते बघायला चाकाच्या मध्यभागी हाताची मागची बाजू लावली. कोमट होतं. दोन्हीकडे सारखंच. पुन्हा निघाले.

“मागून ट्रक हॉर्न देतोय,” माई म्हणाल्या.

श्यामकांतांनी आरशात बघितलं, गाडी डावीकडे घेतली. ट्रक निघून गेला.

“अजून काय येतंय ऐकू?” त्यांनी विचारलं.

माईंनी काच खाली केली. “मागे कपबशा वाजताहेत. झाडीत भारद्वाज ओरडतोय.”

“भारद्वाज म्हणजे तो, घूम घूम करणारा?”

“हो, तोच.”

“हं,” श्यामकांत म्हणाले, आणि गाडी त्यांनी जरा हळू केली.