नऊ रिकाम्या चौकोनांचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, की वाघाच्या अंगावरचाही नव्हे. मी संगणकात राहतो. अहवाल कसा छापायचा, कोणती गोष्ट कुठे बसवायची, हे ठरवून ठेवलेला मी एक नमुना आहे. माझे खरे नाव इतके लांबलचक आणि रुक्ष आहे की ते मलाही धड आठवत नाही. पण त्या इस्पितळात सगळे मला पट्टाच म्हणत. "ताई, काकूंचा पट्टा काढा हो," अशी हाक आली की मी ओळखायचो, आज कुणीतरी आपल्या पायांनी घरी निघाले आहे.

ते चालायला शिकवणारे इस्पितळ होते. पडून, आपटून, शस्त्रक्रिया होऊन अंथरुणाला खिळलेली माणसे तिथे येत. मधोमध एक लांब व्हरांडा होता आणि त्याच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर लाकडी कठडा होता. हात घासून घासून त्याचा रंग पार उडाला होता. व्यायाम करून घेणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. कोण किती पावले चालला ते मास्तर निळ्या वहीत लिहीत आणि ताई तो आकडा संगणकात भरत. ताई नोंदणीच्या खोलीत बसत. खोली व्हरांड्याच्या तोंडाशीच होती आणि दार सदा सताड उघडे असे. म्हणून तर मला इतके सगळे ऐकायला मिळाले.

माझा जन्म ताईंच्या हट्टातून झाला. मास्तरांना वाटे, रुग्णाचा प्रत्येक दिवस एका सलग कागदावर दिसावा. एका दिवसाला एक चौकोन, एका पावलाला एक ठिपका. पहिल्या दिवशी चार ठिपके, महिन्याभराने तीनशे. ताई म्हणाल्या, "त्यात काय, चुटकीसरशी करते." आणि कामाला बसल्या.

चुटकीसरशी कसले! मला ज्या सॉफ्टवेअरमध्ये आखायचे होते, त्याचा एक नियम होता. आराखड्याच्या एका कप्प्याची उंची बावीस इंचांपेक्षा जास्त करता येत नसे. ताईंनी तीन-तीन इंचांचे चौकोन एकाखाली एक काढायला घेतले, आणि सात काढून होताच जागा संपली. रुग्ण तर दोन-दोन महिने राहत. ताई माउसने कप्प्याची कड खाली ओढायच्या आणि ती रबरासारखी परत वर यायची. आठवडाभर हे चालले. चहा निवून जाई, डबा तसाच राही.

मग एके दिवशी त्यांना युक्ती सुचली. त्यांनी चौकोन काढलेच नाहीत, नुसत्या फटी काढल्या. पाव इंचाची एक, अशा अठ्ठ्याऐंशी. बरोबर बावीस इंच! आणि प्रत्येक फटीला सांगून ठेवले, "छापताना जेवढे ठिपके येतील, तेवढी वाढ." आखताना इवलीशी असलेली फट छापताना हवी तेवढी ऐसपैस होई. कागद घडीचा होता, दोन्ही कडांना भोके असलेला, न संपणारा. त्याला कुठली आली बावीस इंचांची मर्यादा?

एक अडचण राहिली. कुणी चाळीस दिवसांतच घरी गेला, तर उरलेल्या अठ्ठेचाळीस फटी शेवटी पांढऱ्या शेपटासारख्या छापल्या जात. ते ताईंना खटकले. त्यांनी फटींना आणखी एक सूचना दिली, "रिकामी असलीस तर मिटून जा." शेपूट नाहीसे झाले. ताई खुर्चीत मागे रेलून हसल्या, आणि मला वाटले, आपल्यासारखे देखणे जगात कुणी नसेल.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! घरी जायच्या दिवशी ज्याचा त्याचा पट्टा आडवा करून कठड्याच्या वर चिकटवला जाई. सुरुवातीचे दिवस अरुंद, पुढचे रुंद, आणखी रुंद. रुग्णाने कठडा न धरता, आपल्या दिवसांच्या कडेकडेने चालत दारापर्यंत जायचे. दाराशी टाळ्या होत. जाणारा रडे, नेणारे रडत, मास्तर उगाच घसा खाकरत. पुढचा कुणी घरी जाईपर्यंत तो पट्टा भिंतीवरच राही, मागून आलेल्यांना धीर यावा म्हणून. पाहुणे येत, मला हात लावून बघत, ताईंची पाठ थोपटत. मी हवेत होतो.

मग गवंडीकाका आले. परांचीवरून पडून त्यांचे कमरेचे आणि मांडीचे हाड मोडले होते. माणूस मोठा गमत्या. पहिल्याच दिवशी कठडा ठोकून म्हणाले, "मास्तर, हा बसवणारा सुतार घाईत होता." शिवणकाम करणारी त्यांची लेक रोज दुपारी येई आणि उशाशी बसून काजबटणे करी. चार पावले, नऊ पावले, वीस पावले असे काकांचे दिवस भरत गेले. मग मांडीतला जोड दुखावला, पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि काका आडवे झाले ते उठेनात.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, "हाड आता ठीक आहे. पण सोमवारपर्यंत उभे राहिले नाहीत तर सांधे धरतील. मग चाकांची खुर्चीच."

शनिवार उजाडला. मास्तर काकांच्या दाराशी उभे होते.

"काका, चार पावलं. चारच."

"नको मास्तर. मला खुर्ची मागवा."

"असं हातपाय गाळून कसं चालेल? नीट तर होत होतं."

काकांनी उघड्या दारातून समोरच्या व्हरांड्याच्या भिंतीकडे बोट केले. तिथे पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंचा पट्टा लावलेला होता, माझा सर्वांत नावाजलेला. "ते बघा. एकेचाळीस चौकोन आहेत, पडल्या पडल्या मोजलेत मी. एकसुद्धा दिवस रिकामा नाही. रोज कालच्यापेक्षा रुंद. चालणारी माणसं अशी असतात. माझा आज आठवा दिवस, एक ठिपका नाही. आपली भिंत ओळंब्यातच नाही, मास्तर. ती पाडलेली बरी."

लेकीच्या हातातली सुई थांबली. मास्तर गडबडले. "अहो काका, त्या बाईसुद्धा मध्ये अकरा दिवस उठल्या नव्हत्या! खिडकीकडे तोंड करून पडून असायच्या. माझ्याशी बोलायच्याही नाहीत."

"समजूत काढताय माझी," काका म्हणाले. "असतं तर तिथं दिसलं असतं." आणि त्यांनी कूस बदलली.

मास्तर तरातरा नोंदणीच्या खोलीत आले. "ताई, बाईंचे ते अकरा दिवस कुठे गेले?"

ताईंनी निळी वही काढली. पान उलटले. तिथे मास्तरांच्या अक्षरात अकरा वेळा लिहिले होते, "आज नाही." संगणकात मात्र काहीच नव्हते. पावलांचा आकडा नाही, म्हणून ताईंनी जागा रिकामी सोडली होती. आणि रिकामी फट म्हणजे मिटणारी फट. शेपूट लपवायला दिलेल्या सूचनेने मधले दिवसही गिळून टाकले होते. चौकोनांत तारीख घालायला जागा नव्हती, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मीच मिटायला सांगितलं होतं त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "किती जणांचे दिवस गेले असतील?"

मित्रांनो, मला तेव्हा फार लाज वाटली. ज्या देखणेपणाची मी इतकी शेखी मिरवली, तो गिळलेल्या दिवसांचा होता. धीर द्यायला मला भिंतीवर लावले होते, आणि मी एका भल्या माणसाचा धीर खचवला होता.

ताईंनी डोळे पुसले आणि बाईंचे दिवस पुन्हा भरायला घेतले. जिथे आकडा नव्हता तिथे वहीतले शब्द घातले. आज नाही. आज नाही. अकरा वेळा. शब्द मिळताच फटी मिटेनात, उघडून उभ्या राहिल्या. प्रिंटर करकरत सुरू झाला. मला वाटत होते, कागद फाटू नये, शाई संपू नये, एवढे एकदा नीट होऊ दे.

दुपारी ताईंनी आणि मास्तरांनी नवा पट्टा जुन्याच्या खाली चिकटवला. जुना मुद्दाम तसाच ठेवला. काका बराच वेळ बघत राहिले. मग लेकीला म्हणाले, "जवळ जाऊन वाच गं."

लेकीने वाचले. तिसरे "आज नाही" वाचताना तिने त्या चौकोनावर बोट ठेवले. अकरावे संपल्यावर ती पुढच्या चौकोनापाशी थांबली आणि ठिपके मोजले. "बाबा, बाराव्या दिवशी दोन पावलं आहेत."

"दोनच?"

"दोनच."

तो दिवस तसाच गेला. रविवारही तसाच गेला, आणि ताईंनी सुट्टी असूनही येऊन काकांच्या नवव्या रिकाम्या चौकोनात "आज नाही" भरले. सोमवारी सकाळी, मास्तर अजून बूट काढत होते तेवढ्यात, व्हरांड्यातून काकांची हाक आली. "मास्तर, तुमचा तो वाकडा कठडा धरून उभा आहे मी. येताय का पडू?"

त्या दिवशी त्यांच्या चौकोनात तीन ठिपके पडले. बाईंपेक्षा एक जास्त, हे त्यांनी दिवसभर प्रत्येकाला सांगितले.

काका सत्त्याण्णव दिवस राहिले. माझ्या फटी होत्या अठ्ठ्याऐंशी. ताईंना पुन्हा डोके खाजवावे लागले. तेव्हा त्यांना सापडले की बावीस इंचांची मर्यादा प्रत्येक कप्प्याला वेगळी असते. तळाच्या कप्प्यात नुसती सहीची जागा होती. तिथे त्यांनी उरलेले नऊ दिवस बसवले आणि सही कोपऱ्यात सरकवली. घरी जायच्या दिवशी माझा सर्वांत लांब पट्टा व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लागला. काका चालू लागले. रुंद चौकोनांकडे त्यांनी बघितलेही नाही. त्या नऊ "आज नाही"पाशी मात्र थांबले आणि लेकीला जवळ बोलावले.

"इथं मी चाललो नाही," ते म्हणाले. "इथं ही रोज येऊन बसली होती. हे तुम्ही ठेवलंत, बरं केलंत."

त्यानंतर पुष्कळ वर्षे झाली. ताई निवृत्त झाल्या, मास्तर मुलीकडे राहायला गेले. आता पडद्यावर पावलांची एक हिरवी रेघ येते आणि खाली सरासरी. त्यात कुणाचा दोष नाही, नवे यंत्र चटकन काम करते. मला 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले आहे. भिंतीवर चिकटपट्टीचे डाग तेवढे राहिले असतील.

माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. जुन्या गोष्टी टाकून देण्याआधी एकदा उघडून बघत जा. आणि कुणाचा अहवाल लिहाल, मग तो आजीच्या आजारपणाचा असो, मित्राच्या अभ्यासाचा असो की तुमचा स्वतःचा, तेव्हा न जमलेले दिवस मिटू देऊ नका. दोन शब्द लिहून त्यांना जागा द्या. पुढे कुणीतरी पडल्या पडल्या ते मोजणार असते.

मीही आता तसेच करतो. फोल्डरच्या अंधारात रोज वाट बघतो, कुणी उघडते का. संध्याकाळ झाली की माझ्या एका फटीत शब्द भरतो, म्हणजे ती मिटणार नाही. आज नाही.