मिरपूड, शिलकी

दत्तोपंतांच्या घरात चिठ्ठी नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांची बायको. बाकी झाडून सगळ्याला चिठ्ठी होती. सरकारी कचेरीत वीस वर्षं जुनी दप्तरं सांभाळल्यावर माणसाचा हात घरात तरी स्वस्थ कसा बसणार? जुन्या फायलींच्या कडा कापायच्या, टाक शाईत बुडवायचा, वळणदार अक्षरात वस्तूचं नाव आणि खाली भरल्याची तारीख घालायची, आणि खळ लावून डकवून द्यायची. छत्र्यांना क्रमांक होते. देवघरात दोन डबे होते, 'देव, रोजचे' आणि 'देव, सणाचे'. एकदा मोरीतल्या बादलीवर 'बादली' अशी चिठ्ठी लागली. ती दुसऱ्याच दिवशी वाहून गेली आणि दत्तोपंतांना जेवण गोड लागेना.

स्वयंपाकघरात तीन वर्ग होते. रोजच्या वापरातल्या बरणीवर 'चालू'. ती संपल्यावर उघडायची, तिच्यावर 'शिलकी'. आणि ज्याच्यावाचून घर एक दिवस चालणार नाही, ज्याला बाहेर काढायचा प्रश्नच येत नाही, त्याच्यावर 'कायम'. हा मान भिवंडीतल्या त्या घरात फक्त मिठाला आणि तांदळाला मिळाला होता. तूरडाळीनं तेवीस वर्षं वाट पाहिली, पण ती बिचारी 'चालू'च राहिली.

सुनीतीबाई या सगळ्याला हसत. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत हसत. शहाऐंशी साली त्यांना पंचेचाळिसावं लागलं आणि हसू कुठं गेलं ते त्यांनाच कळेना. पाळी दोन-दोन महिने तोंड दाखवायची नाही, मग एकाच महिन्यात दोनदा यायची. डिसेंबरात सगळी आळी स्वेटर घालून फिरत असताना यांच्या मानेवरून घामाच्या धारा. त्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवायच्या. सातचा पाढा चुकला म्हणून त्यांनी एका पोराला इतकं फैलावर घेतलं की शेजारच्या वर्गातली पोरं आपापले पाढे म्हणायला लागली. आणि घरी येऊन दूध उतू गेलं म्हणून त्या रडल्या. दूध अर्धा कपच होतं.

रडता रडता त्यांना आक्का आठवली आणि रडणं जागच्या जागी थांबलं.

आक्का म्हणजे त्यांची मावशी. याच वयात ती अशीच तापायला लागली, अशीच उगाच रडायची. नवऱ्यानं आधी आळीत सांगितलं, 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.' मग माहेरी पोस्टकार्ड टाकलं, 'घेऊन जा.' चार ओळींचं कार्ड. आक्का भावाच्या घरी मागच्या खोलीत अठरा वर्षं राहिली आणि तिथंच गेली. तिला काय झालं होतं हे कोणी विचारलं नाही. सुनीतीबाईंना आता भीती होती ती एकाच गोष्टीची, आपलंही तसंच कार्ड जाईल याची. दत्तोपंत दुष्ट नव्हते, पण ज्या वस्तूचा वर्ग ठरत नाही ती ते घरात ठेवत नसत, हे तर रोज डोळ्यांसमोर होतं. तेव्हा यांना कळता कामा नये. आळीतल्या डॉक्टरांकडे जावं, तर ते यांचेच पत्त्यांचे भिडू. संध्याकाळी डाव मांडता मांडता सगळं बाहेर.

सांगितलं ते शेवटी गुणाबाईला. गुणाबाई दर बुधवारी पडघ्याकडून एसटीनं भाजीची पाटी घेऊन यायची. तिनं वालाच्या शेंगा निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला कनवटीची पुरचुंडी सोडली. आत मिऱ्यासारखे गोल, काळपट दाणे होते, मिऱ्याहून जरा लहान.

"निगडीचा बी हाय," ती म्हणाली. "वड्याच्या कडंला ही झाडां. आमच्याकडं बायचा महिना मागंपुढं व्हायला लागला का ह्योच देतात. माजी सासू खायची, मी बी खाल्ला. ह्यो बघायला आनलाय, आनि ही कुटून आनलीय बग, पूड. सकालच्या पारी उपाशीपोटी चिमूटभर, गुलाच्या खड्यात घालून. नाक दाब नि गील. चव बघत बसू नको, कडूजहर हाय. तीन महिनं."

"कुणाला बोलू नकोस हं, गुणाबाई."

"मी कशाला बोलू? पन तू लपवतेस कशाला गो मास्तरीणबाय? चोरी केलीस काय?"

तिला काय जातंय विचारायला! तिच्या घरात चिठ्ठ्या नव्हत्या. इथं बिनचिठ्ठीची बरणी तासाभरात पकडली गेली असती आणि नवी चिठ्ठी मागावी तर 'कशासाठी?' हा प्रश्न आलाच. सुनीतीबाईंनी डोकं चालवलं. दत्तोपंतांना जुना खोकला होता, त्यामुळे ते सकाळ-संध्याकाळ मिरपुडीचा काढा घेत. मिरपुडीची 'चालू' बरणी शिगोशीग भरलेली होती. शेजारी तशीच काचेची 'शिलकी' बरणी रिकामी उभी होती, गेल्या वर्षीच्या चिठ्ठीसकट. 'चालू' संपल्याखेरीज 'शिलकी'ला हात लावायचा नाही, हा घराचा कायदा, आणि तो मोडणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. सुनीतीबाईंनी निगडीची पूड 'मिरपूड, शिलकी'मध्ये भरली, झाकण लावलं आणि स्वतःवरच खूश होऊन शाळेत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी पहिली चिमूट गुळात घातली, नाक दाबलं आणि गिळली. घशापासून पोटापर्यंत जाळ उतरला. डोळ्यांत पाणी आलं. 'औषध म्हणजे औषधच आहे,' त्या मनाशी म्हणाल्या आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

पाच दिवसांत उतार पडेल असं त्यांना वाटलं होतं. पडली ती भर. पोटात दिवसभर होळी पेटलेली, त्यात अंगातून येणाऱ्या वाफा वेगळ्या. शाळेत मुलं त्यांना बघून आपणहून उभी राहू लागली आणि बसा म्हटलं तरी बसेनात. गुणाबाई तीन महिने म्हणाली होती म्हणून बाई नेटानं घेत राहिल्या. उलट लवकर गुण यावा म्हणून आठव्या दिवशी त्यांनी एका चिमटीच्या दोन केल्या.

आणि दत्तोपंत? दत्तोपंतांचं काहीतरी भलतंच चाललं होतं. ज्या माणसाला वरणात मीठ कमी पडलं तर तारीखवार दाखले आठवायचे, तो 'छान झालंय' म्हणून ताट चाटूनपुसून उठायला लागला. संध्याकाळी पायरीवर बसून समोरच्या कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटावर बोटांनी ताल धरायला लागला. खळ डब्यात सुकून गेली तरी त्यांनी नवी कालवली नाही.

शेजारचे चिंतामणी वकील काळजीनं कुंपणापाशी आले. त्यांचं आणि दत्तोपंतांचं बारा वर्षं बदामाच्या पाल्यावरून भांडण होतं. झाड वकिलांचं, पाला पडायचा यांच्या अंगणात.

"वहिनी, दत्तोपंतांची तब्येत बरी आहे ना?"

"का हो?"

"नाही, सकाळी पाला पडला तर म्हणाले, पडू दे, पानंच ती. मला रात्रभर झोप लागणार नाही आता."

सुनीतीबाई घाईनं आत वळल्या. माणूस एवढा शांत कधी होतो? मनाशी काही ठरवून मोकळा झाला म्हणजे! आक्काचा नवराही कार्ड टाकायच्या आधी आठ दिवस गोड बोलत होता, असं आई सांगायची. आणि एकविसाव्या दिवशी त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. दत्तोपंत टेबलाशी पोस्टकार्ड लिहीत होते. बाई आत येताच त्यांनी त्यावर तळवा ठेवला. पण पत्त्याची बाजू वर होती आणि बोटांच्या फटीतून पत्त्याची पहिली ओळ दिसली. श्रीनाथ. सुनीतीबाईंचा भाऊ.

बाई तशाच मागं फिरल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या. तेवीस वर्षं या ओट्याशी काढली आणि आता मागची खोली. त्यांना आक्काची दया आली, आणि स्वतःची त्याहून जास्त. तेवढ्यात मागच्या दारी हाळी आली. बुधवार होता.

"शेंगा हायत कवल्या, मास्तरीणबाय!"

"शेंगा घाल चुलीत!" सुनीतीबाई कडाडल्या. "कसलं औषध दिलंस ग मला? गुण तर नाहीच, आतून पेटलेय मी नुसती! घर मोडायची वेळ आली माझ्यावर!"

सासू, दोन सुना आणि पडघ्याचा बाजार सांभाळलेली बाई ती, दचकली नाही. तिनं पाटी उतरवली, बरणी मागितली, चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि लगेच थू करून बाहेर टाकली.

"अगो, ह्ये तं मिरं हाय!"

"मिरं कसं असेल? तू दिलेलीच पूड आहे ती. मी माझ्या हातानं भरली."

"मी चाळीस वर्सं बी कुटतंय, मना शिकवतेस? शेरभर मिरं खाल्लास तू! पेटशील न्हाय तं काय करशील?"

आरडाओरडा ऐकून दत्तोपंत बाहेर आले. हातात काढ्याचा पेला होता आणि चेहऱ्यावर ते नवं, मऊ हसू. गुणाबाईचं नाक हललं. ती उठली, सरळ पुढं झाली आणि तिनं पेल्यावर वाकून वास घेतला.

"ह्यो बग! ह्यो हाय माजा निगडीचा बी!"

दत्तोपंतांनी पेल्यात पाहिलं, मग दोन्ही बरण्यांकडे पाहिलं, आणि हळूच घसा साफ केला. झालं होतं ते अगदी नियमाला धरून झालं होतं. ज्या दिवशी बाईंनी 'शिलकी' भरली त्याच संध्याकाळी त्यांनी फळीवर नजर फिरवली होती. 'शिलकी' भरलेली, आणि तिच्यावरची तारीख 'चालू'च्या आधीची! जुना माल आधी काढायचा, हे कचेरीतलं पहिलं कलम. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या ओल्या करून सोडवल्या आणि अदलाबदल करून डकवल्या.

"तुला बोललो नाही," ते म्हणाले. "म्हटलं, चूक तुझी आहे, उगीच मन दुखवा कशाला."

"पण वास? चव?" सुनीतीबाई कशाबशा म्हणाल्या.

वास यायला नाक शाबूत लागतं. दत्तोपंतांचं नाक तपकिरीनं कधीच निकामी झालं होतं. "कडू लागायचं खरं," त्यांनी कबुली दिली. "मला वाटलं, जुनं झाल्यामुळे. हे आहे तरी काय?"

बाईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. गुणाबाईनं मात्र आडपडदा ठेवला नाही.

"बायकांचा अवशीद हाय, सायेब. महिना जायच्या वक्ताला घेतात. अंगाला, डोस्क्याला थंड."

दत्तोपंतांनी पेला हळूच कट्ट्यावर ठेवला. "आणि... पुरुषानं घेतलं तर?"

"ता मना काय ठाव? एकवीस दिस तू घेतलास, तू सांग."

यावर सुनीतीबाईंना हसू यायला हवं होतं. आलं रडू. "हो, घेतलं मी औषध! लपवून घेतलं!" त्या म्हणाल्या. "मला आक्कासारखं होतंय. रात्रंदिवस जीव घाबरतो. तुम्हाला कळलं की तुम्ही मला धाडणार, म्हणून लपवलं. आणि तुम्ही तर न कळताच कार्ड लिहून मोकळे झालात. दादाला. घेऊन जा म्हणून!"

दत्तोपंत आत गेले आणि कार्ड घेऊन आले. बाईंनी पदरानं डोळे पुसून वाचलं. अक्षर नेहमीचं, वळणदार.

'रा. रा. श्रीनाथराव यांस सा. न. वि. वि. आपली भगिनी गेले एकवीस दिवस माझ्यावर अत्यंत संतप्त आहे. माझ्या हातून कोणती चूक घडली याचा कसून शोध घेतला, परंतु कोठेही नोंद आढळत नाही. तरी रविवारी येऊन तिला विश्वासात घेऊन विचारावे व मला खासगीत कळवावे. सुधारणा करीन.'

"काय लिवलाय गो?" गुणाबाईनं विचारलं. सुनीतीबाईंनी वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण 'सुधारणा करीन'पाशी त्यांना हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तेव्हा गुणाबाईनं न ऐकताच ओळखलं आणि ती शेंगा मोजायला बसली.

"तेवीस वर्षं झाली," दत्तोपंत खाली बघत म्हणाले. "विचारायचं होतंस एकदा. मी वस्तू टाकून देतो ती फुटली तर. तीसुद्धा लगेच नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंना जाग आली ती अंगणातल्या आरडाओरड्यानं. दत्तोपंत चिंतामणी वकिलांना बदामाच्या पाल्याचा हिशेब विचारत होते, वकील तारस्वरात उत्तर देत होते, आणि दोघांच्याही आवाजात एकवीस दिवसांची भूक होती. बाई स्वयंपाकघरात गेल्या. निगडीच्या पुडीची बरणी फळीच्या कोपऱ्यातून उठून पुढं आली होती, मिठाच्या शेजारी. तिच्यावर नवी चिठ्ठी होती. खळ अजून ओली होती.

लग्नात नाव घ्यायचा आग्रह झाला तेव्हा दत्तोपंतांनी एकदा अडखळत बाईंचं नाव घेतलं होतं. त्यानंतर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. आज तेच नाव टाकानं, ठळक, चिठ्ठीच्या मधोमध लिहिलेलं होतं. 'सुनीती'. भरल्याची तारीख नव्हती. खाली वर्ग लिहिला होता, 'कायम'.

सुनीतीबाईंनी झाकण उघडून चिमूटभर पूड घेतली. गूळ शोधला नाही, नाकही दाबलं नाही. पूड कडूजहर होती. ती जिभेवर धरून त्या फळीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.