वजा करून मोजा

मी दातांच्या कवळ्या बनवतो. कवळी नीट बसली नाही तर आजोबा दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात हजर, तोंड उघडून. माझी चूक मला घरपोच मिळते. आमच्या हिच्या कामात तशी सोय नाही.

ही कर्करोगावर संशोधन करते. फुप्फुसातल्या गाठीच्या पेशी बशीत वाढवायच्या आणि त्या कशाने मरतात ते पाहायचं. एक विशिष्ट प्रथिन अडवलं की त्या मरतात, असा लेख हिने लिहिला आणि तो गाजला. दुसऱ्या कुणी आपल्या लेखात हिच्या लेखाचा हवाला दिला की झालं एक सायटेशन. या एकट्या लेखाची चारशेच्या वर होती. विभागप्रमुख कोण होणार हे अशाच आकड्यांवर ठरणार होतं, आणि प्रमुखाला मिळणाऱ्या नव्या प्रयोगशाळेवर हिचा कधीपासून डोळा होता. खिडकीशी कुठलं टेबल ठेवायचं हेसुद्धा ठरलेलं होतं.

मग एका नव्या प्रयोगाआधी हिने त्या पेशींची ओळख तपासून घेतली. पेशी फुप्फुसाच्या निघाल्याच नाहीत. भलत्याच अवयवाच्या, भराभर वाढणाऱ्या पेशी कधीतरी बशीत शिरल्या होत्या आणि मूळच्यांना हुसकावून बसल्या होत्या. जिथून पेशींची कुपी आली तिथेच हा घोळ झाला होता, हिचा त्यात काही दोष नव्हता. तरी ही त्याच संध्याकाळी म्हणाली, "लेख मागे घेते."

"नेमणूक तरी होऊ दे आधी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने भांडी विसळायला लागलो.

लेखावर तांबडी पट्टी आली: मागे घेतला आहे. आणि गंमत बघा, आकडा वाढतच राहिला. पट्टी कोण बघतो? एकाने हवाला दिला म्हणून दुसरा देत होता. ही संतापली. रोज जेवण झालं की एकेकाला मेल लिहायला बसायची. तुम्ही ज्या लेखाचा आधार घेतलाय तो चुकीचा आहे, तुमच्याही पेशी तपासून घ्या. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने तर एवढ्या सायटेशनबद्दल तिचं अभिनंदन केलं.

अशात विभागप्रमुखपदाची यादी लागली आणि हिचं नाव पहिलं. संगणकाने मागे घेतलेल्या लेखाची सायटेशनही धरली होती. मी मनातल्या मनात खिडकीशी टेबल मांडून मोकळा झालो. हिने मात्र कांदा चिरता चिरता संचालकांना फोन लावला, स्पीकरवर.

"सर, त्या लेखाची वजा करून मोजा."

"अहो मॅडम, ते यंत्रच मोजतं. तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"कोणी विचारत नाही म्हणूनच सांगतेय."

"मग तुम्ही चौथ्या नंबरवर जाल."

"जाईन. लेखी पाठवते तुम्हाला."

फोन ठेवून तिने डोळे पुसले. कांदा फार झोंबरा आहे असं काहीतरी मी पुटपुटलो.

"कांद्याचं नाही हे," ती म्हणाली. "मला ती खोली हवी होती."

जागा हिच्याच हाताखाली शिकलेल्या एकाला मिळाली. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून बरेच दिवस मी घुम्यासारखा वागलो. हिचं मेल लिहिणं चालूच होतं.

एका रविवारी दुपारी तिने मला हाक मारली. कुठल्यातरी दूरच्या गटाचा लेख समोर उघडा होता. त्यात हवाला होता, पण हिच्या लेखाचा नव्हे, तो मागे घेतल्याच्या सूचनेचा. हिची मेल वाचून त्यांनी आपल्या पेशी तपासल्या होत्या आणि त्याही घुसखोरच निघाल्या होत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना ते प्रथिन अडवणारं औषध देऊन बघायची त्यांची सगळी तयारी झाली होती. पहिला रुग्ण घेण्याआधी त्यांनी चाचणी थांबवली.

"पहिला रुग्ण" या शब्दांवर तिने बोट ठेवलं.

"हा माणूस कुठेतरी आहे," ती म्हणाली. "आपलं थोडक्यात काय टळलं ते त्याला कधी कळणारही नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग या सूचनेची सायटेशन किती झाली?"

"एक," ती म्हणाली. "सरक जरा, उजेड अडवतोयस." आणि तिने पुढची मेल लिहायला घेतली.