मधलं नाव नायक

देवराव तायडे मेजर नाही, ही गोष्ट घराबाहेर आता कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती, आणि देवरावनंही ती फारशी कुणाला आठवू दिली नव्हती. मूर्तिजापूरकडच्या त्याच्या गावात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो तिकडे स्वयंपाकी असो की ड्रायव्हर. एस.टी.चा कंडक्टर म्हणायचा, "मेजर, जरा सरका." चहावाला म्हणायचा, "मेजरले साखर कमी टाक." सुरुवातीला देवरावनं दोन-चारदा सांगून पाहिलं, "मेजर नाई रे बाप्पा, नायक." लोकांना वाटलं, काय साधा माणूस आहे, आणि त्यांचा आदर उलट वाढला. मग त्यानं नाद सोडला. फुकटची बढती नाकारण्याइतका काही तो संत नव्हता.

फौजेत शिपायाच्या वर लान्स नायक, त्याच्या वर नायक. बाहीवर दोन फिती. मेजर म्हणजे मोठा साहेब. देवरावचा त्यांच्याशी संबंध सॅल्यूट ठोकण्यापुरता. पण गंमत अशी की सरकारच्या कागदावर देवराव नायकही नव्हता. तिथं तो साधा शिपाई होता. गावात मेजर, कागदावर शिपाई आणि स्वतःच्या मनात नायक, असे तीन देवराव एका नकली पायावर कर्र कर्र करत हिंडत होते.

पाय राजस्थानच्या सीमेवर गेला. पेरलेले सुरुंग परत काढायचं काम चाललं होतं, त्यात एक निघायच्या आधीच बोलला. बाहीवर दुसरी फीत चढून तेव्हा महिनाही झाला नव्हता. फीत चढल्याचं पत्र आलं तसं त्याच्या बापानं, सूर्यभाननं, मूर्तिजापूरहून बुंदी आणून घरोघर वाटली होती. "पोरगा नायक झाला," असं तो आंधळ्या-बहिऱ्यालाही सांगत सुटला. पुढं पोरगा एका पायानं घरी आला आणि त्याच्या डिस्चार्जच्या बुकात 'शिपाई' निघालं. बुद्धविहाराच्या ओट्यावर कुणीतरी हसत विचारलं, "म्हातारबा, मंग ते बुंदी कायची होती?" सूर्यभान त्या दिवसापासून ओट्यावर बसायचा बंद झाला. गाव पुढं ती बुंदी विसरलं, सूर्यभान विसरला नाही.

पेन्शनचं देवरावला एवढं काही नव्हतं. पण बापाची बुंदी खोटी ठरली, हे त्याला गेलेल्या पायापेक्षा जास्त दुखायचं. म्हातारा ऐंशी ओलांडून गेला होता, कानानं अधू झाला होता. त्याचे डोळे मिटायच्या आत एकदा कागदावर 'नायक' दिसावं, एवढीच देवरावची इच्छा होती. त्यासाठी वीस वर्षं त्यानं काय केलं? सरकारला शिव्या दिल्या. त्या मात्र अगदी नियमित दिल्या.

चूक सापडली ती मुलीला. प्रियदर्शनी अमरावतीला राजापेठेत क्लास करायची. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं सहज ते इंग्रजी बुक उघडलं आणि विचारलं, "पप्पा, आबाजीचं नाव नायक हाय काय?"

"काहून?"

"इथं लिवलंय ना. शिपाई देवराव नायक तायडे."

देवराव बघतच राहिला. मग हळूहळू त्याला तो दवाखाना आठवला. गुंगी पुरती उतरली नव्हती. कागद घेऊन आलेला कारकून नेमका आपल्याकडचाच निघाला, आणि वऱ्हाडातला माणूस भेटला म्हणून हरखून गेला. "पूर्ण नाव सांगा भाऊ, आपल्या पद्धतीनं." देवराव म्हणाला, "देवराव." कारकून म्हणाला, "पुढं?" इथं देवरावला आपला हुद्दा आठवला. नवी कोरी फीत, ती नाही सांगायची तर काय सांगायचं? म्हणाला, "नायक." मग म्हणाला, "तायडे." आता आपल्याकडे नाव आणि आडनाव यांच्या मध्ये बापच असतो. कारकुनानं बाप म्हणून 'नायक' लिहिलं आणि अंगावर दवाखान्याचे कपडे बघून हुद्दा लिहिला शिपाई. तिथं पंजाबी कारकून असता तर ही चूक झालीच नसती. पुढं त्या कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असे कागद होत गेले, आणि फितीचा मूळ हुकूम कुठल्यातरी फायलीत देवराव सूर्यभान तायडे नावाच्या माणसाची वाट बघत बसला.

"म्हंजे तुमीच सांगतलं?" त्याची बायको सुंदराबाई चुलीपुढून म्हणाली. "आन वाचलं नाई कधी?"

"इंग्रजी हाय ना ते."

"मंग वीस वर्सं सरकारले शिव्या कोन्त्या भाषेत देत होते?"

देवरावनं ते बुक मिटलं. म्हाताऱ्याला यातलं काही सांगायचं नाही, असं त्यानं दोघींना बजावलं. आपल्या मूर्खपणाची बातमी आणखी एका कानावर जायला नको, तो कान अधू असला तरी.

अर्ज करायचा ठरला. बापाचं खरं नाव काय, याचा ग्रामपंचायतीचा दाखला हवा होता. तो लगेच मिळाला. दाखल्यावर छान टाइप केलं होतं: 'मेजर देवराव सूर्यभान तायडे हे या गावचे रहिवासी असून...' देवरावनं तो वाचला. हा मराठीत होता, तेव्हा वाचला नाही असं म्हणायची सोय नव्हती. 'मेजर' हा शब्द त्याला दिसला आणि, खरं सांगायचं तर, बरा वाटला. वीस वर्षांची सवय. त्यानं कागदाची घडी घातली आणि तो अर्जाला जोडून दिला.

पावसाळा उलटल्यावर उत्तर आलं. अर्जदार मेजर असल्याला कसलाही आधार सापडत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात आला आहे. अकोल्याला जठारपेठेत राहणारा पलटणीतला जुना सोबती जयवंत सुभेदार फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला. "अबे देवराव, शिपायाचा नायक व्हायले निघाला होता ना तू? मधल्या सगळ्या पायऱ्या एकदम खाल्ल्या काय?"

देवरावही हसला. फोन ठेवल्यावर मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. नायक व्हायचं तर आधी मेजरकी सोडावी लागणार होती, आणि ती चारचौघांत सोडावी लागणार होती.

तो ग्रामपंचायतीत गेला तेव्हा आत सात-आठ माणसं बसली होती. सरपंच पार्बताबाईंनी नेहमीसारखं म्हटलं, "जय भीम मेजर, बसा."

देवराव बसला नाही. "जय भीम. बाई, दाखला बदलून द्या. मी मेजर नाई."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"म्हंजे तुमची नौकरी खोटी होती काय?" पार्बताबाईंनी घाबरून विचारलं.

"नौकरी खरी. पाय खरा गेला. मेजर तेवढा खोटा. मी नायक होतो."

"नायक तं बंजाऱ्याच्या तांड्यावर अस्ते," कोपऱ्यातून किशोर म्हणाला. त्याचं पंचायतीसमोर झेरॉक्सचं दुकान होतं, आणि गावातली प्रत्येक बातमी तो तिथूनच काढायचा.

"तो येगळा. हा फौजेतला. मेजरच्या लय खाली."

"किती खाली?"

देवरावनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. "लय."

दुसरा दाखला मिळाला. पण संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सरकारनं मेजरला खाली उतरवून नायक केलं. लोक घरी भेटायला येऊ लागले. कुणी म्हणालं, हायकोर्टात जा. कुणी म्हणालं, पाय दिलेल्या माणसाशी असं वागून राहिले, काय जमाना आला! किशोरनं तर जवळ सरकून हळूच विचारलं, "मेजर, खरं सांगा. कांड काय केलं होतं?" देवराव सगळ्यांना चहा पाजत राहिला. बढतीसाठी धडपडणाऱ्याच्या घरी बदनामीचं सांत्वन चालू आहे, हे बघून त्याला स्वतःचंच हसू येत होतं.

शेवटी कागद आला, तो प्रियदर्शनीच्या ईमेलवर. ती राजापेठेतून त्याची रंगीत प्रत काढून शनिवारी घरी घेऊन आली. सूर्यभान अंगणात लिंबाखाली खाटेवर बसला होता. ती त्याच्या कानाशी वाकली आणि तिनं ओरडून वाचलं, "नायक देवराव सूर्यभान तायडे!"

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "मी बुंदी उगंच नोती वाटली," तो म्हणाला. देवरावनं इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं.

पण सूर्यभान तेवढ्यावर थांबला नाही. "पैले काय लिवलं होतं?"

"शिपाई," देवराव म्हणाला.

"ते ठाऊक हाय. सगळं वाच."

प्रियदर्शनीनं बापाकडे पाहिलं. देवरावनं डोळ्यानं नको म्हटलं. पण ती आजोबाची नात होती. ओरडून म्हणाली, "शिपाई देवराव नायक तायडे! तुमच्या नावाच्या जागी नायक पडलं होतं, आबाजी!"

म्हातारा काठी टेकून पुढं वाकला.

"म्हंजे फौजेच्या कागदावर मी नायक होतो?"

"हो बाबा. पण ते चुकून," देवराव म्हणाला.

"अकोल्याच्या भरतीत मले अर्ध्या इंचासाठी हाकललं होतं," सूर्यभान म्हणाला. "छाती भरली नाई. दोन दिवसांचा उपाशी होतो, कशी भरन? तिकडून मी घरी पायी आलो." तो थांबला. "वीस वर्सं मी फौजेत नायक होतो, आन मले कोनी सांगतलं नाई. आता सांगून राहिले, तं तू मले न इचारता रिटायर करून बसला."

सुंदराबाई दारात पदर तोंडाला लावून हसत होती. देवरावही हसायला गेला, पण ते हसू पुरतं आलं नाही. बापाला फीत आणून द्यायला म्हणून तो निघाला होता, आणि बापाच्या अंगावरची होती तीही काढून बसला होता. आता तर कागद पक्का झाला होता, परत चूक करायलाही वाव नव्हता.

तो उठला. नकली पाय कर्रकन वाजला. जमेल तेवढा ताठ होऊन तो खाटेसमोर उभा राहिला आणि त्यानं कडक सॅल्यूट ठोकला.

"नायक सूर्यभान तायडे, जय हिंद!"

म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली. श्वास आत ओढून छाती फुगवली. त्या घडीला कुणी टेप लावला असता तर अर्धा इंच सहज भरला असता. लेकाचा हात कपाळाला लागलेला तो डोळे भरून पाहत राहिला. मग त्याची नजर खाली त्या पायाकडे गेली.

"इश्राम," तो म्हणाला. "बस आता. पाय दुखन तुहा."