बुरशी आली, टाकून दिली

आमच्या प्रयोगशाळेत माझ्याइतकं स्वच्छ काम कुणाचंच नव्हतं. हे मीच सांगते, कारण आता दुसरं कुणी सांगणार नाही. घाटकोपरच्या त्या इस्पितळात मी टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा पावसाळ्यात जंतू वाढवायच्या निम्म्या नळ्यांत हवेतली बुरशी शिरायची आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. मी सगळ्यांना शिस्त लावली. नळीत बुरशी दिसली की फेकायची, चौकशी करायची नाही. आईनं लोणच्याच्या बाबतीत हेच शिकवलं होतं. फेकलेल्या प्रत्येक नळीची मी माझ्या वहीत नोंद करायची: ‘बुरशी आली, टाकून दिली’. त्या वहीचा मला भारी अभिमान होता.

शहाऐंशी साली भांडुपहून गुणाजी आला. मूळचा कणकवलीकडचा. गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात रखवालदारी करत होता. दोन वर्षं नाक चोंदलेलं, डोकं ठणकायचं आणि डावा डोळा हळूहळू बाहेर येत चालला होता. सायनस कितीदा साफ केलं तरी पुन्हा भरायचं. कॅन्सर नाही, एवढं तपासून झालं होतं. नाक-कान-घशाच्या डॉक्टर अनुपमा मॅडमना बुरशीचा संशय होता. पण बुरशीवरचं औषध तेव्हा मुश्किलीनं मिळायचं आणि किडनीची वाट लावायचं. प्रयोगशाळेनं खात्री दिल्याशिवाय त्या ते देणार नव्हत्या. थोडक्यात, गुणाजीचा डोळा माझ्या रिपोर्टवर टांगलेला होता.

जूनमध्ये त्याच्या नाकातून काढलेले तुकडे आले. एक तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहिला, काही दिसलं नाही. बाकीचे दोन नळ्यांत पेरले, त्यांतून काही उगवतं का पाहायला. आठव्या दिवशी दोन्ही नळ्यांत हिरवट बुरशी. ऑगस्टमध्ये पुन्हा तुकडे आले, पुन्हा तेच. दोन्ही वेळा मी नळ्या फेकल्या आणि रिपोर्ट लिहिला: बुरशी आढळली नाही.

हसू नका. शोधायची होती बुरशी, आणि आली तर मी ती फेकत होते. माणसाचा डोळा बाहेर काढणारी बुरशी काहीतरी भारदस्त असणार, पावावर येते ती नव्हे, असं मी धरून चालले होते. कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारलं तर माझ्या हुशारीचं काय राहिलं असतं?

नोव्हेंबरात तिसऱ्यांदा तुकडे आले. हवा कोरडी होती, बाकी एकाही नळीत बुरशी नव्हती. फक्त गुणाजीच्या नळ्यांत हिरवं. हवेतली बुरशी कुठेही पडते. ही मात्र मी तुकडा ठेवला होता नेमकी तिथूनच वाढली होती. मी वही उघडली. जून, ऑगस्ट, तोच नंबर. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

फक्त तिसरा रिपोर्ट वर पाठवला असता तर मागचं कुणालाच कळलं नसतं. पण मॅडम एकदाच उगवलेल्या बुरशीवर विश्वास ठेवणार नव्हत्या. त्यांनी आणखी एक तपासणी मागितली असती, त्यात पंधरा दिवस गेले असते. एव्हाना गुणाजीला डाव्या डोळ्यानं फक्त उजेड कळत होता आणि दुखणं उजवीकडे सरकत होतं. ही बुरशी त्याचीच आहे याचा पुरावा माझ्या वहीत होता. मी वही घेऊन मॅडमकडे गेले.

त्यांनी तिन्ही नोंदी दोनदा वाचल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बाहेर थांब,” एवढंच म्हणाल्या, आणि औषधासाठी फोन फिरवला.

मला मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता. गुणाजीचा उजवा डोळा वाचला, डावा गेला.

मार्चमध्ये तो प्रयोगशाळेच्या दारात आला. सोबत बायको, रुक्मिणी. तिनं माझ्या हातात आमसुलांची पुडी ठेवली आणि मी थांबवायच्या आत पाया पडली. तुकड्यातून रोग शोधून काढणाऱ्या बाई, असं वॉर्डात कुणीतरी तिला सांगितलं होतं. ती पाणी प्यायला गेली तेव्हा मला राहवलं नाही. मी गुणाजीला सगळं सांगितलं. जून, ऑगस्ट, टाकून दिलेल्या नळ्या.

मग त्यानं विचारलं, जूनमध्ये कळलं असतं तर हा डोळा राहिला असता का. मी हो म्हणाले.

रुक्मिणी परत येताना दिसली. त्यानं आवाज खाली आणला.

“ह्यां तिका सांगू नकात, बाई. ती रोज सांजेक तुमच्या नावान देवाकडे दिवो लायता.”