भादव्याच्या उन्हातल्या रेकॉर्डी

भागवतराव टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. मंठ्यात लोक त्यांना दोनच गोष्टींवरून ओळखत. एक, कोणे एके काळी त्यांनी अर्ध्या तालुक्याला फोन जोडून दिले होते. दुसरी, या माणसाला बँडबाजाचं वेड आहे. जॅझ हा शब्द मंठ्यात कोणाच्या तोंडी बसायचा नाही, तेव्हा आपला बँडबाजा. रविवारी दुपारी त्यांच्या बंद खोलीतून सॅक्सोफोन निघाला, की समोरचा अप्पाराव किराणावाला हमखास हाळी द्यायचा, "साहेब, आज कोणाची वरात?" भागवतराव हसायचे आणि खिडकीसुद्धा लावून घ्यायचे.

चाळीस वर्षांपूर्वी ट्रेनिंगला हैदराबादला गेले असताना फुटपाथवरच्या जुन्या बाजारात त्यांना पहिली रेकॉर्ड मिळाली. वाजवायला मशीन नव्हतं, तरी घेऊन आले. लग्नाआधीच पोरानं सवत आणून ठेवली, असं त्यांची आई म्हणायची. पुढं वर्षाला एक खेप हैदराबादची ठरलेली. अशा करत करत दोनशे बारा रेकॉर्डी झाल्या. कोणता ट्रम्पेटवाला कुठं दम घेतो, कोणत्या रेकॉर्डीत मागं कोण खोकतो, सगळं पाठ. पण पाठ असून उपयोग काय? सांगायचं कोणाला? चाळीस वर्षांत एक माणूस त्यांच्या शेजारी बसून एक बाजू पुरती ऐकून उठला नव्हता. बायको गिरिजाबाई होती तोवर घरात निदान माणसाची चाहूल तरी होती. ती जाऊन तीन वर्षं झाली. आता रेकॉर्ड संपली की सुई नुसतीच खरखरत राहायची आणि भागवतराव तसेच बसून असायचे.

अशात संभाजीनगरहून फोन आला. संघपाल नावाचे कॉलेजातले प्राध्यापक. रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी भागवतरावांच्या कपाटाचा फोटो पाहिला होता. "काका, रविवारी येतो. दुपारभर बसू. तुम्ही लावायच्या, मी ऐकायच्या. चालेल?"

चालेल? भागवतरावांनी लगेच हो म्हटलं. पुढचे पाच दिवस ते आधी कोणती लावायची, याचाच विचार करत होते. पहिलीच फार अवघड लावली तर पाहुणा बिचकेल. फार सोपी लावली तर म्हणेल, काकांची समज एवढीच. मुलगी दाखवायच्या घरात नसते एवढी धांदल त्या म्हाताऱ्यानं एकट्यानं केली.

शुक्रवारी वाटूरहून उषाबाई आल्या. भागवतरावांची थोरली बहीण. गिरिजाबाई गेल्यापासून घटस्थापनेच्या आधी भावाचं घर धुऊन द्यायला त्या दरसाल यायच्या. घट बसायच्या आधी घरातली वस्तू न् वस्तू पाण्यातून निघाली पाहिजे, गोधडीपासून चाळणीपर्यंत, हा त्यांचा कायदा. त्यात तडजोड बिलकुल नाही.

शनिवारी सकाळी भागवतराव जालन्याला निघाले. मशीनची नवी सुई मागवली होती, ती तिथल्या कुरिअरवाल्याकडं येऊन पडली होती. निघताना त्यांनी पहिल्यांदाच रेकॉर्डींच्या खोलीचं कुलूप काढून दिलं आणि म्हणाले, "आक्का, उद्या पाहुणा यायचाय. या खोलीतलं सगळं लख्ख करून ठेव."

दुपारी चारला परत आले तर खोलीतलं कपाट रिकामं. ते तसेच गच्चीवर गेले.

गच्चीवर गिरिजाबाईंच्या दोन जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर पापडासारख्या ओळीनं दोनशे बारा रेकॉर्डी वाळत घातल्या होत्या. भादव्याचं ऊन. काहींच्या कडा वर उचलल्या होत्या, काही मधेच खचल्या होत्या, काहींच्या सरळ वाट्या झाल्या होत्या. मधला नावाचा कागद काथ्यानं घासघासून पांढरा पडला होता. कोणती कोणाची, काही कळायला मार्ग नव्हता.

"सोड्याच्या पाण्यात भिजू घातल्या, एकेक हातानं घासली," उषाबाई पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या. "चाळीस वर्साची धूळ रे! कमर धरली माझी. पर बघ, कशा चमकून राह्यल्या."

खरंच चमकत होत्या. लख्ख कर म्हणून कोणी सांगितलं होतं? भागवतरावांनीच. त्यांनी चार-पाच उचलल्या, खाली नेल्या, मशीनला नवी सुई बसवली आणि एकेक लावून पाहिली. सुई उडायची, घसरायची, भलतीकडंच जाऊन पडायची. पाचवी त्यांनी लावलीच नाही. हातात धरून बसले. रडूही येत नव्हतं.

मग त्यांनी फोन लावला. "सर, उद्या येऊ नका."

"का हो काका? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी आहे. ऐकण्यासारखं काही राहिलं नाही."

"बरं, पुन्हा कधीतरी येतो."

"हो. पुन्हा कधीतरी," भागवतराव म्हणाले आणि फोन ठेवला.

उषाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्या बिघडवलं का रे?"

आता मात्र भागवतरावांचा बांध फुटला. "आक्का, कपडे धुवायचे, भांडी धुवायची. ह्यांना कशाला हात लावला? उन्हात घालत न्हाईत ह्यांना!"

"मला काय ठावं? तू कधी सांगितलं? गिरिजा म्हणायची, त्याहींचा देव हाय त्या खोलीत. मंग घटाच्या आधी देव धुवत न्हाईत का?"

"गिरिजाला काय माहीत? ती ऐकायला कधी आलीच न्हाई."

"आली कशी न्हाई?" उषाबाईंचा आवाज चढला. "नवी नवरी असताना आल्ती. तू झटक्यात सुई उचलली म्हणे, अन् काय काम हाय म्हणून इचारलं. परत ती आत आली न्हाई. दर ऐतवारी ह्या दाराच्या भायेर सूप घेऊन बसायची, दाणे निवडत. मी आले तर मलाच दटवायची. बांगड्या वाजवू नका आक्का, त्याहींना कळलं तर बंद करतील."

भागवतरावांना आठवलं. सुई उचलली होती, खरंच उचलली होती. ही हसेल, अशी भीती वाटली होती त्या दिवशी. आणि पुढं सगळी वर्षं रविवारी दुपारी घर एवढं शांत असायचं, की गिरिजा झोपली असेल, असंच ते धरून चालले होते. मधे फक्त एक दार होतं आणि त्याची कडी त्यांच्याच बाजूला होती.

"इतकी वर्षं?" त्यांनी विचारलं.

"आजारी पडस्तोवर."

त्यांनी हातातली रेकॉर्ड उलटीसुलटी करून पाहिली. कोणाची होती, कळत नव्हतं. वर गच्चीवर दोनशेच्या वर तशाच पडल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आक्का, तिला कोणती आवडायची?"

"एक व्हती म्हणायची. ती लागली की हात थांबायचा तिचा." उषाबाई दाराशीच खाली बसल्या. "पर कंची, ते म्या कसं सांगू, भागवत? ते तू इचारायचं व्हतं."