झिओनेच्या हातचा हापसा

मित्रांनो, मी एक जुना हापसा आहे. मलावी देशात मुलांजे नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी, चहाच्या मळ्यांपलीकडे आमचं गाव आहे. तिथे आंब्याखाली मला बसवलं, तेव्हा बायकांनी फेर धरून गाणी म्हटली. गावप्रमुखांनी पहिला दांडा मारला आणि पाण्याने त्यांचे बूटच भिजवले. सगळे हसले, तेही हसले.

माझं काम पाणी देण्याचं आणि ऐकण्याचं. पाठीवर मुलं बांधून बायका बादल्या घेऊन यायच्या. कुणाच्या मक्याला कीड लागली, कुणाची सासू रुसली, सगळं माझ्यापाशी बोललं जाई. झिओने मात्र गप्प. ती मळ्यात चहाची पानं खुडायला जायची. रांगेत कुणी मध्ये घुसलं, तर आपलीच बादली मागे सरकवायची. नाबांडा आजी तिला म्हणायच्या, "अगं, तोंड काय मक्याच्या कणगीत ठेवून आलीस?" ती नुसती हसायची.

वर्षं गेली. माझं पाणी सगळे प्यायले, पण मला वंगण द्यावं, माझे झिजलेले भाग बदलावेत हे कुणाला सुचलं नाही. एका उन्हाळ्यात दांडा हलत राहिला आणि पाणी येईना. बाजाराच्या गावातल्या मिस्त्रीला निरोप गेला. "उद्या येतो," म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

बायका पुन्हा ओढ्यावर जाऊ लागल्या. त्या गढूळ पाण्याने मुलं आजारी पडली. झिओनेची धाकटी मुलगी तामांडा तर जुलाबांनी पार गळून गेली. झिओने तिला पाठीवर बांधून दवाखान्यात घेऊन गेली. पोर वाचली. परत येताना झिओने माझ्यापाशी थांबली. तिने माझा दांडा दोनदा हलवून पाहिला.

पुढे आंब्याखाली सभा भरली. पाणी खात्याची माणसं हापसा दुरुस्त करायला शिकवणार होती आणि गावातून एकाला पाठवायचं होतं. प्रमुखांनी आपल्या पुतण्याचं, लामेकचं नाव घेतलं. तेवढ्यात झिओने उठली.

"मी जाते." ती म्हणाली.

लामेक हसला. "वहिनी, तू पाना धरलास तर घरी मक्याच्या पिठाची न्सिमा कोण ढवळणार?"

"ज्याला भूक लागेल तो!"

नाबांडा आजींना हसू आवरेना. प्रमुख मात्र गंभीर झाले. "हे बाईमाणसाचं काम नव्हे."

"ओढ्यावरून पाणी आणायला बाईमाणूसच चालतं ना? तुम्ही कधी आलात?"

बोलली आणि स्वतःच दचकली. प्रमुखांनी तिच्या नवऱ्याकडे, फ्रेझरकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाऊ द्या तिला. माझी पोर मरता मरता वाचलीय."

झिओने शिकून आली आणि तिने मला उघडलं. सारं गाव जमलं होतं. माझ्या पोटातल्या लांब सळ्या एकेक करून वर ओढायच्या असतात. एखादी हातून सुटून खोल गेली, तर काढता काढता नाकी नऊ येतात. चार बायका ओढत होत्या. मध्येच एकीचा हात घसरला आणि सळई सरकली.

"सुटली! सोडा ते, पंप घालवाल!" लामेक ओरडला.

"सोडू नका!" झिओनेचा आवाज त्याच्याहून मोठा होता. "पाय रोवा. मी म्हणेन तेव्हाच ओढा. हं... आता!"

सळई वर आली. तिच्या टोकाला रबरी वॉशर होता, पार झिजून चिंधी झालेला. झिओनेने नवा बसवला, सगळं पुन्हा जोडलं आणि दांडा मारू लागली. पाणी येईना.

"मी सांगितलं होतं—" लामेक म्हणाला.

"गप रे!" नाबांडा आजी कडाडल्या. "तू मारत राहा, पोरी."

माझ्या घशात खळखळ झाली. आधी लालसर चिखल आला, मग स्वच्छ पाणी. झिओने तिथेच चिखलात बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. लामेकने पडलेली हत्यारं गोळा केली, शर्टाला पुसली आणि तिच्या पिशवीत ठेवली. माफी काही त्याने मागितली नाही.

त्यानंतर शेजारच्या गावांतून झिओनेला बोलावणी येऊ लागली. सायकलच्या मागे पान्यांची पिशवी बांधून ती निघायची. पाणी समितीने तिला अध्यक्ष केलं. आता सभेत ती बोलते तेव्हा प्रमुखही मध्ये तोंड घालत नाहीत.

आज गावात सौरऊर्जेवरचे नळ आले आहेत. मला विचारतो कोण! दांड्यावर गंज चढला, कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. शेवटी भंगारवाला आला. झिओने आडवी उभी राहिली. "याला हात लावायचा नाही. याच्यावर मी बायकांना शिकवते."

ते खरं आहे. लांबलांबच्या गावांतल्या बायका येतात आणि मला उघडतात, जोडतात, पुन्हा उघडतात. काल एका नव्या मुलीच्या हातून नट गवतात पडला. ती बिचारी घाबरून निघूनच चालली होती. झिओने तिला म्हणाली, "अगं, थांब. दोघी मिळून शोधू." दोघी गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागल्या.

मित्रांनो, तुमच्या गावातल्या हापशाला अधूनमधून वंगण द्या, त्याचे ढिले नट आवळा. आणि कुणी मुलगी पाना मागायला आली, तर हसू नका. तिच्या हातात पाना द्या आणि तिला काम करू द्या.